बर्फाची खोली

ज्या वर्षी उन्हाळी कांदा सगळ्यांच्याच शेतात एकदम काढणीला आला आणि मजूर मिळेनासे झाले, त्या वर्षी, उन्हाळ्याच्या अखेरच्या पंधरवड्यात, कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका शेतघरात, हवालदाराच्या हुद्द्यावर असलेला धाकटा भाऊ निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या रजेवर आला. रजा संपली की त्याने पलटणीत परतावे, कागदपत्रे पुरी करावीत आणि पावसाळा सरल्यावर कायमचे घरी यावे, असे ठरलेले होते. त्याचे वय चाळिशीच्या आतबाहेर. लष्कर माणसाला म्हातारा होण्याआधीच म्हातारपणाचे पैसे देऊ लागते, ही गोष्ट ऐकायला सुखाची वाटते. पण इतरांच्या बाबतीत जो पैसा वीस वर्षे चालला तरी पुरे, तो इथे चाळीस वर्षे चालावा लागतो, हा विचार गावात सहसा कोणी करीत नाही. गाव त्याला फौजी म्हणे. त्याच्या बायकोला घरीदारी धाकटी म्हणत, कारण थोरल्या भावाची बायको, थोरली, आधीपासून घरात होती.

या घराची एक रीत पडून गेली होती. फौजी रजेवर आला की घराला काहीतरी जोडले जायचे, आणि जे जोडले जाई त्याला त्याच्या त्या वर्षीच्या नेमणुकीचे नाव मिळे. तो वाळवंटात होता त्या वर्षी अंगणात पाण्याचा हौद झाला. तो वाळूचा हौद. तो डोंगरातल्या हिमाच्छादित चौकीवरून उतरून आला तेव्हा मागच्या बाजूला पक्की खोली चढली. ती बर्फाची खोली, आणि उन्हाळ्यात साऱ्या घरात तिच्याइतकी तापणारी दुसरी खोली नव्हती. समुद्रातल्या ठाण्यावरून आला त्या साली ट्रॅक्टरला ट्रॉली आली. दारात एखादा पाहुणा ट्रॉलीची चौकशी करी, तेव्हा थोरली आतूनच सांगे, “बेट बाजारात गेलंय, संध्याकाळी येईल.” पाहुणा गोंधळून जाई आणि घरातली मंडळी हसत. त्या हसण्यात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

या वेळी जोडायचे होते ते घराला नव्हे, शेताला. शेजारचा मळेवाला आपला विहिरीसकट मळा विकणार होता. बांधाला बांध लागून असलेले, बारमाही पाण्याचे असे वावर पुन्हा विक्रीला निघण्याचा संभव नव्हता. थोरल्याने शब्द टाकून ठेवला होता. आता इसार द्यायचा आणि उरलेली रक्कम फौजीचा फंड हाती आल्यावर भागवायची. फौजी ट्रंक खाली ठेवतो न ठेवतो तोच थोरल्याने बाजेवर बसत विचारले, “फंड मळ्यापुरता आहे ना रे?”

“होईल की,” फौजी म्हणाला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.

त्या नाड्या सोडायला त्याला नेहमीपेक्षा फार वेळ लागला, हे एकट्या धाकटीच्या लक्षात आले.

दुसऱ्या सकाळी तो सगळ्यांच्या आधी शेतात होता. आजवरच्या रजांमध्ये तो पाहुण्यासारखा येई, गवंड्याच्या मागे उभा राही आणि परत जाई. या वेळी मात्र घरच्या माणसासारखे राबून दाखवायचे असा त्याचा निश्चय दिसला. मजूर बायका येताच त्याने त्यांना बांधावर ओळीत उभे केले.

“प्रत्येकीने दोन वाफे. सुरुवात डावीकडून. पुढचा वाफा संपल्याशिवाय मागचीने बोलायचं नाही.”

“आणि साहेब,” एक चुणचुणीत मजूरबाई पदर खोचत म्हणाली, “शिंक आली तर परवानगी कुणाची काढायची?”

“भाऊजी, कांदे उपटायचेत,” थोरली म्हणाली, “पकडून आणायचे नाहीत.”

फौजीही हसला. उपटण्याचे काम त्याला चांगले जमले. पाठ बळकट होती, हात चालत होते. पण उपटलेला कांदा वाळल्यावर पात कापायला बसावे लागते. विळा पायाखाली धरून, उकिडवे, उन्हात, दिवसचा दिवस. ते बसणे गुडघ्याचे काम आहे, आणि फौजीचा उजवा गुडघा त्या बर्फाच्या चौकीवर घसरून पडल्यापासून त्याच्या ताब्यात नव्हता. पहिल्या दिवशी त्याने पाय बदलून बदलून वेळ काढला. दुसऱ्या दिवशी तो एक पाय लांब पसरून बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी उठताना त्याने शेजारच्या बाईचा खांदा धरला, आणि धरल्यावर लाजून सोडला. तो पडता पडता वाचला.

“साहेबांना खुर्ची आणा गं,” तीच चुणचुणीत बाई म्हणाली. या वेळी तिने टोमणा मारला नव्हता. तेच वाईट होते.

थोरला बांधावरून आला, त्याने प्लास्टिकचे एक रिकामे क्रेट उलटे घातले आणि निघून गेला. फौजी त्यावर बसला. आता बसलेल्या बायकांच्या घोळक्यात एकट्याचे डोके वर दिसू लागले, जणू कोणी अधिकारी तपासणीला येऊन बसला आहे. त्याने मान खाली घातली आणि पात कापत राहिला. कापलेला ढीग इतरांच्या निम्मा झाला.

थोरला मात्र पन्नाशीकडे झुकलेला असूनही भरली गोणी पाठीवर घेऊन वाफ्यांतून चालत जाई. एखादा मजूर ‘झेपत नाही’ म्हणाला, तर त्याची गोणी काढून घेऊन थोरला स्वतः नेई आणि पुढे दिवसभर त्या माणसाला ‘नाजूकराव’ म्हणे; टिकाऊ कांदा काढणीतच विकून टाकणाऱ्यालाही त्याने हेच नाव ठेवले होते. त्याच्या स्वतःच्या तोंडून ‘झेपत नाही’ हे दोन शब्द घरात कोणी ऐकले नव्हते.

त्या दुपारी कांदा साठवायच्या चाळीच्या सावलीत धाकटी नवऱ्याच्या गुडघ्याला शेकत होती. तव्यावर तापवलेले मीठ फडक्यात बांधून ती दाबी, आणि तो ओठ मिटून सहन करी. गुडघा वांग्यासारखा तट्ट फुगला होता.

“मळा घेतल्यावर त्यात बसायचं कुणी?” तिने विचारले. “क्रेट किती न्यायची?”

“होईल सवय.”

“आणि फंड सगळा त्यातच घालायचा? पोरीची पुढची शाळा आहे. वसतिगृह आहे.”

तो एक कांदा उचलून त्याचा पापुद्रा सोलू लागला. एक सोलला, मग दुसरा सोलला. मग म्हणाला, “फंड नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“म्हणजे आहे. चहा पिऊन झाल्यावर कपात राहतो तेवढा.”

तिचा हात थांबला. “गेला कुठे?”

त्याने हनुवटीने घराकडे खूण केली. “तो बघ, उभा आहे.”

“पण हे सगळं तुमच्या पगारातून झालं ना?”

“पगार महिन्याच्या महिन्याला इकडे येत होता, तो तुम्ही खात होतात. भिंत कशातून उभी राहणार? दर रजेआधी फंडातून उचल करायचो. अर्जात लिहायचं, घरदुरुस्ती. आमचा कारकून म्हणायचा, हवालदार, तुमचं घर आहे की आगपेटी, दर वर्षी मोडतं कसं? म्हातारपणी काय दुरुस्त करणार?” तो हसला. “मी म्हणायचो, पेन्शन आहे ना.”

“भाऊजींना माहीत नाही?”

“काय सांगू? तुझ्या खोलीने माझा फंड खाल्ला, असं? तो खोली पाडायला निघेल.”

“मग मळा?”

तेव्हा त्याने तिला सगळे सांगितले. पेन्शनचा जवळजवळ अर्धा हिस्सा सरकारला विकता येतो. त्याची एकरकमी रक्कम हातात पडते. पंधरा वर्षे पेन्शन तेवढी कमी यायची, मग पुन्हा पूर्ववत. ती रक्कम फंडाची म्हणून दादाच्या हाती ठेवायची. घराचा मान राहील, मळा येईल.

“कुणाला कळतंय?” तो म्हणाला.

“मला कळलं की.”

“तू घरातलीच आहेस.”

“मग घरातलीला आधी विचारायचं होतं.”

मीठ निवले होते. ती पुरचुंडी घेऊन उठली आणि चुलीपाशी बराच वेळ उगाच उभी राहिली. तिच्या लग्नापासून दरमहाचे पैसे थोरल्याच्या नावावर येत आले होते. अंगाच्या साबणाला पैसे हवे असले तरी तिला थोरलीला सांगावे लागे. थोरलीने कधी नाही म्हटले नाही, फक्त दर वेळी विचारले, “मागचा संपला?” एवढेच. पण इतकी वर्षे ‘मागचा संपला’ असे उत्तर देत राहिल्यावर माणसाला एक दिवस न विचारता साबण घ्यावासा वाटतो. गेल्या रजेत पेन्शनच्या कागदांसाठी त्या दोघांचा एकत्र फोटो काढला होता. फोटोवाल्याने तिला नवऱ्याच्या शेजारी, त्याच्या बरोबरीने बसवले, आणि फौजीने तिला समजावले होते की पुढे पैसे दोघांच्या खात्यात येतील, आणि आपल्या मागे तिला एकटीलाही मिळत राहतील. फोटोची एक प्रत तिने अंथरुणाखाली ठेवली होती. त्या फोटोतले आपले म्हातारपण आता निम्मे कापले जाणार, आणि तेही लाजेपोटी, हे तिला चुलीपाशी उभे असताना पुरते उमगले.

दुसऱ्या दिवशी ‘बेट’ बाजारात गेले. जाड मानेचा आणि जोड कांदा टिकत नाही, म्हणून तो आधी विकायचा. हा माल घेऊन थोरला ट्रॅक्टर चालवीत होता, मागे गोण्यांवर फौजी आणि धाकटी. व्यापाऱ्याच्या गोदामाच्या फाटकावर एक म्हातारा पहारेकरी होता. लष्करातून नाईक म्हणून सुटला होता; गाव त्याला अजून नाईकच म्हणे. अंगावरचा खाकी गणवेश त्याने स्वतःच्या पैशाने शिवलेला, शिट्टी मात्र गोदामाची.

“या हवालदारसाहेब,” त्याने काठी बगलेत घेतली. “सलाम आधी कुणी ठोकायचा? हुद्द्याने तुम्ही मोठे, पण फाटक माझं आहे.”

“फाटकवाल्याचा मान पहिला,” म्हणत फौजीने सलाम ठोकला. थोरला वजनकाट्याकडे गेला, तसा नाईक हळूच म्हणाला, “सुटताय म्हणे यंदा. किती विकणार?”

फौजी गोण्यांचा दोर सोडू लागला. धाकटीने विचारले, “काका, तुम्ही विकली होती?”

“सगळेच विकायचे. एकमेकाला विचारायचे, तू किती विकलीस, जशी काय कोंबडी. पोराला पिकअप गाडी घेऊन दिली. दोन वर्षं पळाली. आता घरामागे तिचा सांगाडा पडलाय, खरोखरीच्या कोंबड्या बसतात त्यात.”

“पण पुन्हा पुरी सुरू झाली असेल ना?” फौजीने विचारले.

“झाली ना. पंधरा वर्षांनी, अगदी ठरल्याप्रमाणे. सरकार शब्दाला पक्कं.” त्याने टोपी काढून आतला घाम पुसला. “मधल्या वर्षांत बायकोची औषधं होती. तेव्हा निम्मी यायची, म्हणून या फाटकावर उभा राहिलो. पुरी सुरू झाली तेव्हा ती नव्हती. आता पैसे पुरे येतात आणि जेवणारा मी एकटा. मग कशाला घरी बसू?”

मागून ट्रक आला. नाईकाने शिट्टी वाजवली आणि लंगडत फाटक ओढायला गेला.

 परतताना रिकाम्या ट्रॉलीचे पत्रे खडखडत होते. वाटेत फौजी एवढेच म्हणाला, “प्रत्येकाची गोष्ट वेगळी असते.”

“हो,” ती म्हणाली. “आपली अजून व्हायची आहे.”

तिसऱ्या प्रहरी आभाळ भरून आले आणि निवडणीची घाई उडाली. कांदा निवडण्यात धाकटीचा हात घरात सर्वांत सरस होता; थोरलाही तिच्या राशीतला कांदा पुन्हा पाहत नसे. मानेवर अंगठा दाबला की तिला कळे, कोणता महिन्याभरात सडेल आणि कोणता दिवाळीच्या थंडीपर्यंत खणखणीत राहील. टिकणाऱ्या मालाची रास वाढत होती. थोरला ट्रॉली मागे घेत आला.

“ही रास यात भरा. सगळा माल उद्या विकायचा.”

थोरलीने वर पाहिले. काढणीच्या भावात टिकाऊ माल या घराने कधी विकला नव्हता.

“भाऊजी, ही रास चाळीत जायची,” धाकटी म्हणाली.

“यंदा नाही. मळेवाला सकाळी इसाराला येतोय. इसार यातून भागवू. मागून फंड आहेच.”

“टिकाऊ कांदा उन्हाळ्यात विकतो त्याला तुम्ही काय म्हणता?”

थोरला थबकला. त्याला या घरात असे कोणी विचारत नसे. “काय म्हणतो?”

“नाजूकराव म्हणता.”

बायकांचे हात थांबले. कोणी हसले नाही.

“अगं, गप्प बस,” क्रेटवरून फौजी म्हणाला.

“नाही बसत. भाऊजी, फंड यायचा नाही. येईल ती विकलेली पेन्शन. ह्यांचा फंड हौदात गेला, ट्रॉलीत गेला, बर्फाच्या खोलीत गेला. अडल्या वेळेसाठी ठेवलेला टिकाऊ माल होता, तो दर रजेला काढला. आता पेन्शन तेवढी चाळीत उरलीय, तीही काढणार म्हणतात.”

थोरल्याचा चेहरा लाल झाला. “म्हणजे आम्ही त्याचा फंड खाल्ला? चोर आम्ही?”

“खाल्ला कुठे? राहतोय त्यात. मीही राहतेय. पण राहतं घर म्हातारपणी औषध आणत नाही.”

“मला वाटायचं,” थोरली हातातला कांदा तसाच धरून म्हणाली, “सरकारच देतं भिंतीबिंतींचे वेगळे.”

थोरला तिच्याकडे न पाहता भावाकडे वळला. “खरं?”

“दादा, मी कसंही करून...”

“मी विचारलं, खरं का?”

“खरं.”

“मग बोलला का नाहीस? मी काय सावकार होतो तुझा? मागत नव्हतो मी खोली. तू आणलीस, मी बांधून घेतली.”

“तू कधी म्हणालास, झेपत नाही?” फौजीचा आवाज फाटला. “एकदा तरी? बापाच्या मागे सगळं ओढलंस, मला शाळेत ठेवलंस. तू म्हणत नाहीस, मग मी कुठल्या तोंडाने म्हणू?”

 थोरला भावाच्या गुडघ्याकडे पाहत राहिला. मग त्याने बांधापलीकडच्या मळ्याकडे, विहिरीच्या काठावरच्या हिरव्या गवताकडे पाहिले. ते पाहणे धाकटीला सोसले नाही. त्या वावरावर या माणसाचा लहानपणापासून डोळा होता, आणि आयुष्यात स्वतःसाठी म्हणून त्याने मागितलेली ती बहुधा एकच गोष्ट होती. ती म्हणाली, “भाऊजी, माझं बोलणं...”

“आभाळ उतरतंय,” तो म्हणाला. “हात चालवा.”

त्याने राशीतले पहिले क्रेट भरले, खांद्यावर घेतले आणि ट्रॉलीला वळसा घालून चाळीत नेऊन ओतले. मग दुसरे नेले. अंधारून येईपर्यंत तो एकटाच वाहत राहिला. मध्ये फौजी उठून एक क्रेट उचलू लागला, तेव्हा थोरल्याने ते त्याच्या हातातून काढून घेतले. पण त्याला नाजूकराव म्हटले नाही.  रात्री थोरलीने जेवण वाढता वाढता धाकटीच्या ताटाशेजारी साबणाची एक नवी वडी ठेवली आणि काही विचारले नाही.

सकाळी मळेवाला आला. इस्त्रीचा सदरा, पायात कोऱ्या चपला. पाऊस पडलाच नव्हता. अंगणात कांद्याचा पाला पसरलेला, मजूर बायका नुकत्या येऊन बसलेल्या. तो बाजेवर ऐसपैस बसला.

“दुसरं गिऱ्हाईक दोन पैसे जास्त द्यायला तयार आहे,” तो म्हणाला, “पण म्हटलं शेजारधर्म आधी. शिवाय फौजीचा पैसा म्हणजे रोकडा. काय, उरकायचं ना?”

फौजी क्रेटवरून उठला. त्याने घसा साफ केला. धाकटी चाळीच्या दारात उभी होती. तिने कुडाचा बांबू घट्ट धरला. थोरल्याने भावाकडे न बघता हात आडवा केला, तसा फौजी जागीच थांबला.

मळेवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आले. “का हो? फौजीचा फंड कमी पडला की काय?”

बायकांनी कान टवकारले. थोरल्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसले, आणि अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“त्याच्या फंडाचं काही नाही. मळा मला झेपत नाही. दुसऱ्याला द्या.”